काठावरचे जावईबापू

४ मार्च
गुडघा नवा बसवला आणि राहायला आले लेकीकडे — शेवाळाच्या डबक्याशेजारी! मागच्या अंगणात पोहण्याचा चांगला तलाव आहे. म्हणजे होता. आता बेडकांनी संसार थाटलेत त्यात. डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलंय, नाहीतर गुडघा ताठच राहील आणि काठी कायमची. जावईबापू म्हणाले, मी करतो साफ. हे करणार! यांना चहाचं भांडं धड घासता येत नाही.

६ मार्च
भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना क्लोरीन ओतलं! उन्हात उडून जातं ते. आधी भिंती घासायच्या, मग संध्याकाळी टाकायचं. जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं, एवढं कळतं मला. पण विचारतंय कोण? मीही बोलले नाही. बसा म्हटलं.

७ मार्च
हिरवं ते हिरवंच.

९ मार्च
राहवेना, सांगितलं शेवटी. मुकाट ऐकून घेतलं. उलट बोलायचीही धमक नाही! लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासल्या, त्याही काठापासून हातभर मागे उभं राहून. साहेबांच्या पायाला पाणी लागेल ना! लेकीला म्हटलं, नवरा आहे की लोण्याचा गोळा? तिचा चेहराच उतरला. "पाण्यावरून त्याला काही बोलू नकोस गं आई." घ्या! लाडावून ठेवलंय नुसतं.

१२ मार्च
संध्याकाळच्या क्लोरीनने शेवाळ मेलं. पांढुरका गाळ होऊन तळाशी बसलं, तो पंपाने ओढून काढला. तळाच्या फरशा दिसायला लागल्या. बरं, मान्य. पण उतरायच्या पायऱ्या अजून हिरव्यागार, बुळबुळीत! तिथे ब्रश पोचत नाही, पाण्यात उतरून हातानेच घासायला हव्यात. आणि जावईबापू सकाळपासून काठावर येरझाऱ्या घालताहेत. नुसतं बघून शेवाळ निघत असतं तर!

आज गुडघा वाकलाच नाही. मोजे घालायलाही लेक लागली. तिच्यादेखत रडू आवरलं, आत येऊन रडले. आयुष्य पाण्यात काढलं आणि आता ही काठी.

१३ मार्च
सकाळी मागे गेले तर जावईबापू छातीभर पाण्यात! कमरेला कपडे वाळत घालायची दोरी, दुसरं टोक काठावर बसलेल्या लेकीच्या मुठीत. लहानपणी बुडता बुडता वाचलाय म्हणे. त्यानंतर पाण्यात पाय घातला तो आजच. ओठ पांढरेफटक. "पायऱ्या घासल्यात, आई. आता पाय घसरणार नाही. या, मी धरतो."

उतरले. त्याने हात पुढे केला. दुसऱ्याने कमरेची दोरी गच्च आवळली होती. पुढे केलेला हात मीच घट्ट धरला. पाण्यात आम्ही दोघंच, आणि पोहता येत होतं ते फक्त मला.