दहा शेअरांचा एक

सर्वेश,

तू वास्कोहून पोचशील तेव्हा मी मोपाला विमानतळावर ड्युटीवर असेन. परवा फोनवर मी ओरडून सांगितलं, आपल्या शेअरचा भाव दहापट झाला, आता बंदरावरची नोकरी सोड आणि घरी ये. ते तसं नाही रे. काल पेडण्यात ब्रोकरकडे गेले. तो म्हणाला, "कंपनीनं दहा शेअरांचा एक केलाय, बाय. दहा उंड्यांच्या पिठाचा एकच उंडो भाजला, पीठ काही वाढलं नाही." मी भाव तेवढा बघितला, शेअर किती उरले ते बघितलंच नाही. धंदा सुधारला नाही तर हा भावही उतरेल म्हणाला.

तेव्हा राजीनामा देऊ नकोस. दिला असशील तर सोमवारी मागे घे.

सुंगटांचं हुमण फ्रिजात आहे, गरम करून घे. तुझ्या कपड्यांसाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला होता. त्यात अजून काही ठेवलेलं नाही.

जाताना मला उठव. गेल्या खेपेला मी ड्युटीवरून येऊन झोपले होते, म्हणून तू न उठवताच गेलास. तुझा चहाचा कप मी दिवसभर धुतला नाही.

क्षमा