कॅसेटीतला माणूस

प्रिय रणधीर,

मी शिवकुमार बिराजदार, वाणिज्य पदवीधर, लोहाऱ्यात करसल्लागार, आणि तू सोडून गेल्यानंतर 'बालाघाट' या बँडचा गायक. हे सगळे तुला ठाऊक आहे. तरी आधी नाव, मग नाते, मग काम, या क्रमाशिवाय माझा कागद पुढे सरकत नाही. काम असे : जानेवारीत अणदूरला तुम्ही केलेला 'सुरुंग' हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, कॅसेटच्याच क्रमाने वाजवायचा ठरला आहे. तुझ्या जागी मी गाणार आहे. त्यासंबंधी तुला एक गोष्ट कळवायची आहे, आणि ती कळवावी की गिळून टाकावी या विचाराने गेला आठवडाभर माझे चित्त थाऱ्यावर नाही. विवरणपत्रे भरताना आकडे वर-खाली होतात. असे माझे कधी होत नाही.

बजरंगने तुला नाशिकला फोन केला होता तो मला न विचारता. गिटारवाल्याला जुना गायक हवासा वाटणे स्वाभाविक आहे; मी मनाला लावून घेतले नाही. निदान तसे दाखवले नाही. तू त्याला म्हणालास, "ती पट्टी आता माझी राहिली न्हाय रं. शिवा गाईल." बजरंगने निरोप दिला आणि जाता जाता आणखी एक सांगितले. गणपतीत तो तुझ्या घरी आला होता, तेव्हा आरतीला तू नुसत्या टाळ्या वाजवत होतास म्हणे. "त्यानं तोंडच उघडलं न्हाय शिवा. रणधीरनं! आरतीला!" हे वाक्य त्याने इतक्यांदा उच्चारले, की शेवटी मीच विषय बदलला.

मी तुझा सहकारी होण्याआधी तुझा श्रोता होतो, हे तुला कदाचित माहीत नसेल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी 'सुरुंग'ची कॅसेट ऐकली तेव्हा आपल्या मुलखातल्या कुणी असे काही केले आहे यावर विश्वास बसेना. विहिरीच्या तळाशी खडकाला छिद्रे पाडावीत, दारू ठासावी, वात पेटवावी आणि सगळ्यांनी काठाकडे पळत सुटावे, तशी ती गिटार. आणि शीर्षकगीताच्या शेवटी तुझी ती आरोळी. तिथे श्वास संपायला हवा, आणि आवाज आणखी वर चढतो. मी ती ऐकताना नेहमी उभा राहात असे. बसून ऐकणे मला अयोग्य वाटे.

पुढे तुझा लोहाऱ्याचा तो कार्यक्रम झाला. याच आरोळीवर तुझा आवाज फाटला, लोक हसले, आणि दोन कार्यक्रमांनंतर तू बँड सोडलास. तुझी जागा मला मिळाली. पहिल्याच कार्यक्रमाला मागून कुणीतरी ओरडले, "ओ चष्मेवाले, उतरा खाली! कॅसेटीतला माणूस आणा!" तेव्हापासून आमच्या घरात तुझे नाव तेच पडले आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू लागलो की माझी पत्नी उमा विचारते, "आज पुन्हा कॅसेटीतल्या माणसाशी कुस्ती हाय वाटतं?" कुस्ती खरीच होती. ती आरोळी मी घेत असे. कधी स्वच्छ, कधी कशीबशी, आणि नंतर दोन दिवस अशिलांशी खुणांनी बोलत असे. तरीही लोक म्हणायचे, बरंय, पण कॅसेटीतलं ते कॅसेटीतलं.

आता मुद्दा. सराव त्याच जागी चालू आहे, जिथे तुम्ही रेकॉर्डिंग केले होते : अणदूरला, बजरंगच्या भुईमुगाच्या गोदामात. मागच्या भिंतीला लागून शाळा आहे, आणि शाळेत अजूनही घंटेऐवजी रेल्वेच्या रुळाचा तोच तुकडा टांगलेला आहे. कॅसेटची दुसरी बाजू आठव. शीर्षकगीताच्या आधी रुळावर टोल पडतो, तुम्ही सगळे हसता, ड्रमवाला अमरसिंह म्हणतो, "शाळा सुटली, चला रं," आणि ड्रमवर काठी पडते. तो टोल गाण्याचाच भाग आहे असे मी कित्येक वर्षे समजत होतो.

गेल्या शनिवारी मी त्या ठिकाणी टेप थांबवायला गेलो आणि बाहेर खरोखर टोल पडला. दोन टोल, एकामागोमाग एक. ते जुळले नाहीत. कॅसेटमधला चढा होता.

मला चुकीची बेरीज दिसली की बसवत नाही, तसेच झाले. मी पेटी घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती सांगत नाही. पण रूळ त्यांच्या वडिलांच्या शाळकरी दिवसांपासूनचा आहे, बदललेला नाही, याची त्यांनी खात्री दिली. रूळ वाजतो पेटीच्या पांढरी चारमध्ये. कॅसेटमध्ये तो काळी तीनमध्ये आहे. नेमका अर्धा स्वर वर. लोखंड काही रियाज करत नाही, रणधीर. मग चढले काय?

उत्तर बजरंगच्या तोंडून सहज निघाले, आणि त्याचा अर्थ त्यालाही तेव्हा कळला नाही. पहिल्या बाजूच्या वेळी वीज होती. दुसऱ्या बाजूच्या वेळी ती गेली, म्हणून तुम्ही लग्नमंडपवाल्याचा जनरेटर आणलात. सगळे अॅम्प्लिफायर त्यावर चढवल्यावर तो धापा टाकू लागला. सोलापूरहून भाड्याने आणलेल्या रेकॉर्डिंगच्या यंत्राची फिरकी विजेच्या ठोक्यावर चाले. जनरेटर दबला तशी तीही मंदावली. मंद फिरकीवर भरलेला आवाज पुढे योग्य गतीने वाजवला की तो चढा होतो, आणि चपळही. कॅसेट छापली गेली ती तशीच. मग लोकांनी कॅसेट ऐकली, कार्यक्रमात तीच मागितली, आणि बँडने कॅसेटला प्रमाण मानून गिटारी अर्ध्या स्वराने ताणल्या. तारा तुटू लागल्या, तेव्हा सोलापूरच्या दुकानदाराला शिव्या दिल्या. आणि तुझा आवाज फाटला, तेव्हा तू स्वतःला.

ती आरोळी त्या उंचीवर तू कधी घेतलीच नव्हतीस. त्या गोदामात कुणीच घेतली नव्हती.

मुलीच्या संगणकावर मी दुसरी बाजू हळू करून ऐकली. कॅसेटमधला टोल शाळेच्या टोलाशी जुळेपर्यंत. मग तुझा आवाज आला. जड, रुंद, खडीसारखा. शेवटची आरोळी तिच्या खऱ्या उंचीवर आहे आणि तिच्याआधी तू श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू येतो. कॅसेटमध्ये तो श्वास कधी लक्षातच आला नव्हता. मी उभा राहिलो. बजरंग शेजारीच होता. डोक्याला हात लावून म्हणाला, "आयला, जनरेटर गात हुता व्हय."

आता मी का अस्वस्थ आहे ते सांगतो, आणि नीट सांगतो. पहिल्यांदा मला आनंद झाला. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. ज्या माणसाच्या खाली मी एवढी वर्षे उभा होतो तो त्या उंचीवर नव्हताच. तिथे फक्त मी पोचलो होतो. जानेवारीत मी ती आरोळी घ्यावी, लोकांनी पुन्हा कॅसेटीतला माणूस मागावा, आणि मला एकट्याला सत्य माहीत असावे, हे सुख छोटे नाही. बजरंगला मी गप्प राहायला सांगितले. तो राहिलाही. पण रात्री जेवताना उमा आरतीचे विचारू लागली, "त्यो माणूस खरंच गात न्हाय व्हय आता?" आणि मी ताट सारून उठलो.

अणदूरचा खंडोबा तुला माहीतच आहे. मूर्ती एक, देवळे दोन; वर्षातला बराच काळ अणदूरला, थोडा नळदुर्गला. नेणारे गाव मालक होत नाही आणि देणारे ओस पडत नाही. त्याच धर्तीवर मी ठरवले आहे. पहिली बाजू मी गाईन. दुसरी तुझी. बजरंगच्या गिटारी कालच उतरवून ठेवल्या आहेत, पांढरी चारला, रुळाबरोबर. त्या आता पुन्हा चढणार नाहीत. तू आला नाहीस तर दुसरी बाजू नुसती वाजेल, गाणार कुणी नाही. तुझा आवाज गेला नव्हता, रणधीर, तो ज्या उंचीवर होता तिथेच होता, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र. येण्याआधी एक कर : घरी पुढची आरती होईल तेव्हा टाळ्या थांबव आणि गा. पट्टी कुठलीही असू दे.

तुझ्या जागेवर उभा राहिलेला, तुझाच,
शिवकुमार बिराजदार
लोहारा, जि. धाराशिव
९ नोव्हेंबर २०२५