रिअल ब्रदर मीच

३ मार्च
…आणि म्हणूनच मी काल आईला जे म्हणालो तेच बरोबर होतं. ताईचं बाळ बघायला परदेशी जायचं तर सख्ख्या भावाने जायचं. म्हणजे मी. मावसभावाचं, म्हणजे ढब्बूचं, तिथे काय काम? पण ताईने इन्व्हिटेशन दोघांना पाठवलंय. वर आईला म्हणाली, ढब्बू आला की बाळाला सांभाळेल, मला जरा झोप मिळेल. मी आल्यावर काय मिळेल ते बोलली नाही. सरप्राइज असणार.
मी जळत वगैरे नाहीये. नुसतं ऑब्झर्वेशन.

५ मार्च
व्हिसाच्या इंटरव्ह्यूत दोघांची उत्तरं सेम टू सेम हवीत, नाहीतर ऑफिसरला डाउट येतो. जबाबदारी मी घेतलीय. आमच्या गाद्यांच्या शोरूममध्ये, लंच ब्रेकला, डिस्प्लेच्या डबल बेडवर कोचिंग. ढब्बू चष्म्याच्या दुकानातून आला आणि आल्या आल्या आडवा झाला. मी ऑफिसर. विचारलं, ताई काय करते? म्हणाला, लायब्ररीत असते. म्हटलं, डेंटल क्लिनिक. म्हणाला, अरे ते सोडून वर्ष झालं. म्हटलं, मला क्लिनिक माहितीये, तर क्लिनिकच. आधी कन्सिस्टन्सी, फॅक्ट्स नंतर. बरं बाबा, म्हणाला आणि कूस बदलली.
लायब्ररीचं त्याला ताईनेच सांगितलं म्हणे. मला का नाही? टाइम डिफरन्स.

८ मार्च
ताईचा फोन. माझ्याशी: जेवलास का, आईला दे. आईने ढब्बूला दिला. मग नुसतं खिदळणं. मी दाराआड पाणी पीत होतो. आईने विचारलं, एवढं पाणी पिऊन कुठे आग विझवतोयस?
संकल्प: उद्यापासून ताईला रोज मीच फोन करणार.

९ मार्च
फोन राहिला. नवीन उशा आल्या शोरूममध्ये.

११ मार्च
‘परत का येणार?’ हा डेंजर प्रश्न. माझं उत्तर: माझ्याशिवाय शोरूम चालणार नाही. मॅनेजरकडे रजा मागितली तर म्हणाले, जा की, हवं तेवढं राहा, घाई नको. किती विश्वास!
ढब्बूचं उत्तर: आई आणि मावशी वाट बघतील. मावशी म्हणजे माझी आई! ती त्याच्या उत्तरात कशाला? आई आतून ओरडली, असू दे की, तुझ्या उत्तरात तर नुसत्या गाद्याच आहेत.

१४ मार्च
नवीन प्रॉब्लेम. ‘सख्खा’ला इंग्लिशमध्ये शब्दच नाही. एवढी वर्षं इंग्लिश मीडियममध्ये घासली, कुणी सांगितलं नाही. शेवटी फायनल केलं: मी रिअल ब्रदर, तो कझिन. ढब्बू म्हणाला, नुसतं ब्रदर म्हण ना, रिअल कशाला?
जळतोय बिचारा.

१८ मार्च, सकाळ
कॉन्फिडन्स फुल. निळी चाकांची बॅग भरूनही ठेवली. आई म्हणाली, साहेब, आधी व्हिसा तर येऊ दे.

१८ मार्च, दुपार
दोघांना वेगळ्या खिडक्या. काचेपलीकडे मॅडम. सोबत कोण? म्हटलं, माय कझिन, बट ही इज नॉट रिअल. मॅडमचं टायपिंग थांबलं. नॉट रिअल म्हणजे? म्हटलं, आय ॲम द रिअल वन. ओके, म्हणाल्या, मग सांगा, बहीण काय करते? क्लिनिक. त्यांनी ताईचं लेटर बघितलं, मग मला बघितलं. बाळ मुलगा की मुलगी?
इथे मी जरा वेळ घेतला. घरात सगळे ‘ते बाळ’ म्हणतात. ते रडलं, ते झोपलं. ‘ते’वरून काय कळणार? म्हटलं, गर्ल. ठामपणे.
शेजारच्या खिडकीत ढब्बू हसत होता, त्याचा ऑफिसरही. बाहेर आल्यावर म्हणाला, सॉरी रे, लायब्ररीच निघालं तोंडातून. फितूर! बाळाबद्दल त्याला काही विचारणार नाही. सेल्फ रिस्पेक्ट आहे.

२३ मार्च
ढब्बूला व्हिसा. मला रिजेक्शनचा कागद. काहीतरी मिक्सअप झालाय.

३० मार्च
ढब्बू गेला. माझी निळी बॅग घेऊन. त्याच्या बॅगेचं चाक मोडलंय. मी आधी नाही म्हणालो होतो. आईने नुसतं बघितलं, मग दिली. बाळासाठी एक छोटी उशी टाकली त्यात, शोरूममधली. गुलाबी.
तो निघाल्यावर आज पहिल्यांदा मी आपणहून ताईला फोन लावला. म्हटलं, उशी पाठवलीय, आपल्या मुलीला आवडेल बघ. ताई म्हणाली, अरे, भाचा आहे तुला. सख्खा.
मग विचारलं, जेवलास का.
आता कुणीही तटस्थपणे सांगा, नुसत्या ‘बाळ’ शब्दावरून तुम्हाला तरी कळलं असतं का?