गालावरचे पोचे

३ जानेवारी

आज कमालच झाली! दुकानात एका आजींना नवा चष्मा बसवत होते. कानामागची काडी जरा वाकवून दिली आणि विचारलं, "आता दिसतंय का नीट?" आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, तुझ्या गालांना काय झालं गं?"

नंबर इतका बरोबर काढायलाच नको होता!

सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर काउंटरवरचा आरसा दिवसभर पालथा ठेवला.

४ जानेवारी

बाबांना सांगितलं — मुरुमांचे खड्डे भरून घ्यायला डॉक्टरकडे जाणार आहे. बाबांचं आयुष्य गॅरेजात गाड्यांचे पोचे काढण्यात गेलेलं. "एवढंच ना? ये उद्या. पुट्टी आहे, वरून रंगाचा एक हात मारू!"

"बाबा, मी एकोणतीस वर्षांची बाई आहे. गाडी नाही."

"मॉडेल जुनं झालंय खरं."

असा बाप!

१२ जानेवारी

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी दिवा तिरका धरून अर्धा तास गाल वाचला. खड्ड्यांतही जाती असतात म्हणे! टाचणीने टोचल्यासारखे खोल — त्यांत काडीच्या टोकाने आम्लाचा थेंब. पसरट, लाटांसारखे — त्यांना त्वचेखालून सुई घालून आत खेचणारे धागे तोडायचे. बाकीच्यांवर बारीक सुयांचं यंत्र. लेझरही आहे, पण माझ्या रंगाच्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात, म्हणून ते शेवटी बघू म्हणाल्या.

"गुळगुळीत होईल ना?" मी.

"नाही. बरं होईल. अर्धं कमी झालं तरी मी खूश असते."

ही बाई चष्मे विकायला बसली तर दुकान बुडेल. पण विश्वास बसला.

आधी नवे मुरुम पूर्ण थांबायला हवेत. तोवर मलम लावायचं, आणि उन्हात फिरायचं नाही!

२ फेब्रुवारी

हनुवटीवर नवीन पाहुणा. न बोलावता.

९ एप्रिल

पहिली बैठक. बाबाच गाडीने घेऊन गेले. पाऊण तास बधिर करायचं मलम लावून बसले — पांढरीफटक. बाबा म्हणाले, "प्रायमर छान बसलाय." शेजारच्या बाईला हसू आवरेना.

आत मात्र गंमत संपली. दुखलं तसं कमी, पण सुई आत फिरताना कर्र-कर्र आवाज येतो, आणि तो आपल्याच गालातून येतोय हे कळतं! मूठ इतकी आवळली की नखं रुतली. तशात रडू आलं. दुखलं म्हणून नाही. कॉलेजात गाल झाकायला ओढणी धरून चालायचे, तेच आठवलं.

बाहेर आले तर बाबा दाढीवरून हात फिरवत भिंतीवरचा उपचारांचा तक्ता वाचत उभे. माझा सुजलेला गाल पाहिला आणि चक्क गप्प! गाडीतही गप्प. बाबा आणि गप्प?

११ एप्रिल

गाल निळा. दुकानात म्हणाले, "घरी मारामारी झाली का?" म्हटलं, "हो, मी जिंकले."

२८ मे

दुसरी बैठक. यावेळी रडले नाही. बाबांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "हे किती वर्षं जुनं असलं तरी जातं?" मी म्हटलं, "मॉडेल जुनं झालंय हे सांगून झालंय, आता पुरे!"

२ जुलै

डॉक्टरबाईंनी जानेवारीचा आणि आजचा असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, मोबाइलवरही पाठवले. खड्डे आहेत. पण कडा बोथट झाल्यात, सावल्या हलक्या झाल्यात. आधी वाटलं, एवढंच? मग पुन्हा पाहिलं. घरी येईपर्यंत चार वेळा पाहिलं. आज ग्राहकाच्या नाकावर चष्मा बसवताना गाल लपवायला नेहमीसारखी मान फिरवायची विसरले.

५ जुलै

चहा पिताना बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी माझीही वेळ घे."

मला वाटलं, चेष्टा. पण ते कपाकडेच बघत होते. "दाढीखाली तुझ्यासारखंच आहे सगळं. बाविसाव्या वर्षापासून वाढवलीय. तुझ्या आईनेही कधी पाहिलं नाही."

दोघांची वेळ घेतली.