दगड हलवल्यावर

प्रिय मावशी,

'तुला जे सोपं वाटेल ते म्हण,' असं तुम्ही म्हणाला होतात. मला सोपं असं काही वाटत नाही, म्हणून विचार करून हे लिहिलं आहे. आमच्या घरात तुमचं पहिलं नाव 'बेकरीवाल्या बाई' होतं, पण ते पत्राच्या डोक्यावर बरं दिसेना. हे आवडलं नाही तर सांगा, बदलेन. आणि अक्षर लागलं नाही तर तेही सांगा, मी पुन्हा लिहून काढेन. बाबा म्हणतात की मी लोकांना तक्रार करायला फार वाव देते.

त्या दिवशी तुम्ही माझ्या माशाच्या पेटीसमोर वाकून विचारलंत, "एवढ्या पाण्यात हा एकटाच कशाला गं?" मी जे दिलं ते उत्तर नव्हतं, व्याख्यान होतं. पाण्यातला क्षार, उष्णता, एका माशाची घाण पचवायला किती दगड लागतात, सगळं सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग चमचा घ्यायला उठलात, तर मी तुमच्या आधी उठले. कपांसाठी उठलात, तर तेव्हाही मीच. तुम्ही गेल्यावर बाबांनी मला सांगितलं की तुमच्या दोघांच्या लग्नानंतर त्यांनीच बेकरीच्या वरच्या खोल्यांत राहायला यावं असं तुमचं म्हणणं आहे, कारण "ते घर तुमच्या मुलीच्या हाताच्या सवयीचं आहे, तिथे मी आयुष्यभर पाहुणीच राहीन." बाबांना काही लपवता येत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. त्यांनी तुम्हाला 'बघू' म्हटलं. आमच्याकडे बाबा 'बघू' म्हणाले की ते आतून फार हलले आहेत असं समजायचं. मी काहीच म्हटलं नाही. म्हणून आज निदान माशाबद्दलच्या प्रश्नाचं तरी नीट उत्तर देते.

मी छापखान्यात पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते हे तुम्हाला माहीत आहे. चुका शोधायचा पगार मिळतो आणि घरी आल्यावर ते काम फुकट चालू राहतं. एवढं बारीक बघायची सवय असेल तर निदान बघण्यासारखं काही तरी बघावं, म्हणून मी ही पेटी आणली. मासेवाल्याने आधीच बजावलं होतं, "ताई, खाऱ्या पाण्याची पेटी घ्यायची तर मोठी घ्या. मोठीत चूक विरघळते. लहानीत चूक तुमच्यासमोर बसून राहते." मला ते वर्णन ओळखीचं वाटलं. मी सगळ्यात लहान घेतली.

ती बाबांच्या कामाच्या टेबलाच्या टोकाला बसली, दुरुस्तीला आलेल्या वजनकाट्यांच्या शेजारी. मीठ मी बाबांच्या तराजूवर मोजलं. त्यांनी तुम्हाला सांगितलंय का, ठाऊक नाही, पण माझी पहिली शाळा हे टेबलच. लहानपणी मला फार धाप लागायची, म्हणून मला शाळेत उशिरा घातलं आणि तोवर बाबांनी इथेच शिकवलं. अंक वजनांवर, बेरीज-वजाबाकी पारड्यांत. उत्तर बरोबर आलं की काटा मधोमध थांबायचा आणि बाबा काही न बोलता पुढच्या कामाला लागायचे. पुढे शाळेत बाई 'शाब्बास' म्हणाल्या की मला वाटायचं, काही तरी चुकलंय.

सुरुवातीला पेटीत फक्त पाणी आणि दगड होते. हे दगड समुद्रातले, सच्छिद्र, आणि त्यांच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते पाणी स्वच्छ राखतात, पण त्यांचं बस्तान बसेपर्यंत मासा सोडायचा नसतो. पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून भर घालायची ती साध्याच पाण्याची. मी रोज भर घालत होते, तपासणीच्या औषधाचे थेंब घालून पाण्याचा रंग बघत होते, आणि आत काहीही घडत नव्हतं. बाबा येता-जाता विचारायचे, "छटाक, तुझे दगड जेवले का?" मग काचेवर तपकिरी बुरा धरला, तो खायला दोन गोगलगायी आणल्या, आणि मऊ प्रवाळाचा एक तुकडा दगडावर चिकटवला. हिरव्या बटणांची ओळ दिसावी तसा तो दिसतो. दिवा लागला की बटणं उघडतात, विझला की मिटतात. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा बाबा एका किराणावाल्याचा काटा दुरुस्त करत होते, तो तसाच टाकून बघायला आले. त्या वेळी तुमचा काटा महिन्यातून दोनदा बिघडायला लागला होता. बाबा मला गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "त्या बेकरीतलं यंत्र फार हळवं आहे." मी मान डोलवायची. आता आठवून हसू येतं.

मग मी निळा मासा आणला. मासेवाला म्हणाला होता, "हा आणायचाच तर सगळ्यात शेवटी आणा. आधी गेला तर तो मालक होतो." पण मी वाचलं होतं की तो चिवट असतो, सहसा मरत नाही. मला न मरणारा मासा हवा होता. मोठ्या दगडाखालच्या भोकात त्याने घर केलं आणि दोन दिवसांत सगळी पेटी त्याची झाली. गोगलगाय दारावरून गेली तरी तो तिला ढुशी द्यायचा. त्याला एकटं ठेवायचा माझा काही विचार ठरलेला नव्हता. तसं चाललं होतं, आणि नीट चाललेलं काही मी हलवत नाही.

तुम्ही येऊन गेल्यावर त्याच आठवड्यात मी दुसरा मासा आणला. तुमच्या प्रश्नामुळेच आणला. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, अंगाने निळ्यापेक्षा लहान. निळ्याने त्याला बूड टेकू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत केशरीची शेपटी फाटली आणि तो पाणी तापवायच्या नळीमागे उभा राहिला, जिथे कुणी राहत नाही. मी त्याला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डबीत घालून पाण्यात लटकवून ठेवलं. मासेवाल्याला विचारलं तर त्याने सल्ल्यांची रांग लावली. पेटीला बाहेरून आरसा लावा, निळा स्वतःशीच भांडत बसेल. तो बसला, पण आरसा काढताच पुन्हा डबीवर धावून आला. खायला जास्त घाला. त्याने पाणी गढूळ झालं. शेवटी म्हणाला, "मग सगळे दगड काढा आणि नव्याने रचा. बघा, जमलं तर जमलं."

ते मला नको होतं. रचताना एकेक दगड मी किती वेळ हातात धरून ठेवला होता ते मला माहीत आहे. त्याच दिवसांत बाबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपली वजनं एकेक करून फडक्यात बांधत होते. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बांधता बांधता ते निळ्याकडे बघत म्हणाले, "छटाक, तो वाईट नाही गं. त्याला सगळं पाठ आहे, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाबांनी बादली धरली आणि मी दगड बाहेर काढले. मोठा उजवीकडे गेला, आडवा उभा झाला, भोक भिंतीकडे वळलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं, बटणं गच्च मिटली आणि मला वाटलं, सगळं संपलं. पाणी निवळल्यावर मी केशरीला डबीतून सोडलं. निळा आपल्या जुन्या दाराशी गेला, तिथे दार नव्हतं. तो वर गेला, खाली आला, काचेशी थांबला. केशरीही तेच करत होता. दोघंही जागा शोधत होते आणि शोधणाऱ्याला दुसऱ्याला हाकलायला सवड नसते. मैत्री वगैरे काही झाली नाही, मी उगाच गोड करून सांगत नाही. अजून जेवणाच्या वेळी निळा एकदा तरी अंगावर जातो. पण केशरीची शेपटी भरून आली आहे, तो आता नळीमागे राहत नाही आणि बटणं पुन्हा उघडली आहेत. निळाच जरा बिचकलेला असतो. त्याला नवीन भोक मिळालंय, पण तिथे तो पाठमोरा शिरतो, हळूहळू.

काल बाबा बाहेर गेले होते तेव्हा मी स्वयंपाकघर रिकामं केलं. आई गेल्यापासून ते माझ्या हातात आहे, आणि अंधारातही मला तिथे हवी ती वस्तू सापडते. सगळे डबे, भांडी, खण खाली काढले आणि कुठलीही वस्तू तिच्या जागी परत ठेवली नाही. बाबा आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मीठ?" मी म्हटलं, "माहीत नाही." मग खाली बसून त्यांनी माझ्यासोबत डबे उघडून बघायला सुरुवात केली. मी हे पत्र लिहिते आहे ते त्यांना माहीत नाही. मावशी, तुम्ही इकडे राहायला या. हे मी बाबांसाठी मागत नाही. ते तुमच्याकडेही सुखात राहतील, तिथला काटा हळवा आहे. मी माझ्यासाठी मागते आहे. तुम्ही दोघं तिकडे गेलात तर प्रत्येक वस्तू कुठे आहे ते मला ठाऊक असलेलं हे घर माझं एकटीचं होईल, आणि त्याची मला फार भीती वाटते. तुम्ही आलात तरी मी सुरुवातीला तुमच्या आधी उठेन. मला खाली बसवा, मी रागावणार नाही. रागावलेच तर थोडा वेळ जाऊ द्या. फळ्या अजून रिकाम्या आहेत. रविवारी बेकरी बंद झाली की या. काल सकाळपासून आम्हा दोघांनाही चहाची गाळणी सापडलेली नाही.

तुमचीच,
छटाक