जांभळ्या ठिपक्याचं किट

३ फेब्रुवारी, सोमवार

तळवड्याला अय्याजच्या दुकानात बसलो होतो. तो कंपन्यांच्या मशिनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो, मी त्याचा चहा पितो! आज एका कॉलेजच्या लॅबचं भंगार आलं होतं. त्यात एक हिरवी पाटी. त्या पाटीवर अख्खा कॉम्प्युटर — खाली आकड्यांची बटणं, वर लाल आकडे उमटायची सहा घरं. नाव नाही, गाव नाही. चिपांवरचे नंबरसुद्धा घासून काढलेले.

"काका, हे बाळ कुणाचं?" अय्याज म्हणाला.

वर्गात कविता म्हणायला उभं राहावं आणि पहिली ओळच आठवू नये, तसं झालं. ओठांवर आहे — येत नाही.

४ फेब्रुवारी

दाढी करताना आठवलं! नंबर आम्हीच घासायचो. भोसरीची शेड, १९८६. कॉलेजच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायची असली किटं तिथं बनायची. दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून मालक पॉलिश पेपर हातात द्यायचा. मी पॅकिंगला, कस्तुरा सोल्डरिंगला. आमचं लग्न व्हायचं होतं. तिच्या हातातून धुराची बारीक रेघ वर जायची, खिडकीतल्या उजेडात वळायची, आणि मी एकाच खोक्याला दोनदा दोरी बांधायचो.

५ फेब्रुवारी

कस्तुराला सांगितलं. भाकरी थापणारा हात थांबला नाही. "असंल. मला काय त्याचं?"

तिला काय, ते मला ठाऊक आहे. तिनं जोडलेल्या चाळीस किटांची कॉलेजांकडून तक्रार आली होती. एकही चालू होईना. सोल्डरिंगचे टाके कच्चे, म्हणून सगळ्यांदेखत तिला कामावरून काढलं. पुढे तिनं लोकांची धुणीभांडी केली, पण सोल्डरगन पुन्हा धरली नाही. पोराचं खेळणं तुटलं तरी म्हणायची, "माझा हात कच्चा हाय."

हे किट त्या चाळिसातलं असेल तर आता खरं कळेल. कळावं का?

८ फेब्रुवारी, शनिवार

अय्याजनं ब्रशनं धूळ काढली. मागच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा ठिपका. जांभळा! शेडमधली प्रत्येक मुलगी आपल्या कामाखाली आपला रंग लावायची. जांभळा कस्तुराचा.

पलीकडे लेथ किंचाळत होती. मला मात्र कुठे दूर घंटा झाल्यासारखी वाटली, शाळा सुटल्याची.

९ फेब्रुवारी

कस्तुराला ठिपक्याचं सांगितलं. "उद्या येते," म्हणाली. एवढंच.

१० फेब्रुवारी, सोमवार

पदर खोचून स्टुलावर बसली. अय्याजनं वीज दिली. सहाही घरं काळी. कस्तुरानं मान खाली घातली. "बघितलं? उगाच आणलं मला."

अय्याज ऐकेना. तासभर भिंग लावून एकेक टाका तपासला. "काकी, एक पण हलत नाही. मशीन पण असं काम करत नाही, कसम से!" मग मेमरीची चिप काढून त्याच्या यंत्रात लावली. "ही तर कोरी आहे. प्रोग्राम उडालाय. हिच्या डोक्यावर काचेची खिडकी असते, तिच्यावर कागद पाहिजे. कुणीतरी कागद काढून उन्हात ठेवली. आठवडाभर ऊन लागलं की खलास. टाक्यांचा काय संबंध?"

"म्हंजी माझा हात —"

"सोन्याचा!"

एकोणचाळीस वर्षांनी असं खळखळून हसली. रिक्षात सगळा वेळ स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होती. "कोन असंल तो मुडदा, उन्हात ठेवनारा?" म्हणाली.

मी रिक्षावाल्याला भाडं दोनदा विचारलं.

११ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. ती गुणगुणत फिरतेय घरभर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. वार्निश वाळेना म्हणून चाळीसही किटं शेडच्या पत्र्यावर मीच मांडली होती, आठ दिवस. कागदही मीच सोलले — त्या इवल्या काचांत ऊन कसं झगमगतं ते बघायला.

तिनं वहीतलं एक पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "लिहून द्या. तोंडचं नको. तोंडचं तुमी लई गोड बोलता."

पानभर लिहिलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, हेही लिहिलं. खोडलं. वय लहान होतं — खोडलं. उरलं एवढंच :

किटं मी उन्हात ठेवली.