सुगनाच्या फोटोखाली

धवल,

पोहे झाकून ठेवलेत, शेव डब्यात आहे. मी उदयनगरला निघालेय.

आपल्या मुलींच्या वसतिगृहाला देणग्या मिळाव्यात म्हणून भरवशाची वेबसाइट शोध म्हटलं, तर तू सगळ्यांत लवकर पैसे जमवून देणारी धरलीस. त्यांनी वसतिगृहातल्या सुगनाच्या फोटोखाली 'अनाथ' लिहिलं आणि तू न वाचताच हो म्हणालास. तिच्या आईने ते तिकडे उदयनगरला कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं. मला फोनवर म्हणाली, "दीदी, हमको कब मार दिया?"

पासवर्ड तुझ्याकडे आहे. फोटो आत्ताच्या आत्ता काढ. यापुढे वेबसाइट मी निवडीन, पोरींचे चेहरे विकत नसेल अशी.

संध्याकाळी सुगनाच्या आईला घरी आणतेय. चहा तूच कर, आणि तिच्यासमोर बसून पी.

आत्या